अर्थिंग ढिलं हाय

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. या ग्रुपवर दोन वर्षं आहे ते निव्वळ टाइमपास म्हणून. चिंचेखालची बाई, वळणावर लिफ्ट मागणारा म्हातारा... चहा पिता पिता वाचायचो, हसायचो, आणि खरं सांगायचं तर एकदोघांच्या अनुभवाखाली कुचकट कमेंटही टाकल्यात. ज्यांना लागल्या असतील त्यांनी माफ करा. आज माझी पाळी आहे. हसायचं तर हसा.

आमचं घर आजोबांच्या वेळेपासून दीक्षा घेतलेलं. घरात अंगारा नाही, लिंबू-मिरची नाही, कुणाची दृष्ट काढणं नाही. माझे वडील — आम्ही त्यांना अण्णा म्हणतो — साखर कारखान्यात वायरमन होते. लहानपणी लाइट गेली आणि शेजारची कुणी भुताखेताचं काही बोलली की अण्णा म्हणायचे, "दिवा गेला तर फ्यूज बघायचा, बाकी काय न्हाई." मी याच वाक्यावर मोठा झालो. म्हणून जे घडलं ते सांगताना मलाच लाजल्यासारखं होतंय.

मी मिलिंद. वय एकेचाळीस. श्रीरामपुरात नेवासा रोडला माझं कार डेकोरचं दुकान आहे. सीट कव्हर, फिल्म, रिव्हर्स कॅमेरा सगळं करतो, पण माझा हात बसलाय तो म्युझिक सिस्टिमवर. दुकान टाकून चौदा वर्षं झाली, हेच करतोय. ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं यावरच आहे.

गाडीला कंपनीचा जो स्टिरिओ येतो तो बातम्या ऐकायला बरा, पण त्याच्या आवाजाला पोट नसतं. गाण्यातला जाड 'धम्' दारातल्या छोट्या स्पीकरना झेपत नाही. त्यासाठी डिक्कीत सबवूफर, म्हणजे फक्त जाड आवाज काढणारा मोठा स्पीकर, लाकडी पेटीत बसवलेला. त्याला ताकद द्यायला ॲम्प्लिफायर. कंपनीच्या स्टिरिओला ॲम्प जोडायची सोय नसते, म्हणून मागच्या स्पीकरच्या वायरीतून सिग्नल उचलायचा, मधे कन्व्हर्टर टाकायचा, बॅटरीपासून डिक्कीपर्यंत जाड वायर ओढायची आणि बॅटरीजवळ फ्यूज लावायचा. आणि शेवटी अर्थिंग. ॲम्पची काळी वायर गाडीच्या पत्र्याला बोल्टने आवळायची, पण पत्र्यावरचा रंग खरवडून, लोखंड उघडं करून. आळस करून रंगावरच आवळली तर सिस्टिम घूंऽऽ करत राहते. गिऱ्हाइकाला वाटतं ॲम्प गेला. ॲम्प काही गेलेला नसतो, फिटरने आळस केलेला असतो.

आता अण्णांबद्दल. तीस वर्षं त्यांनी एकाच कारखान्यात काढली, मिल हाऊसला. ऊस जिथे चिरडला जातो ती जागा. चार मिली ओळीने, आणि त्यांचा आवाज असा की कानाने ऐकायच्या आधी छातीत कळायचा. गाळप चालू असताना आमच्या चाळीतल्या फळीवरच्या ताटल्या हळूहळू सरकत पुढे यायच्या. आई रोज संध्याकाळी त्या मागे ढकलायची. कारखान्याचं नाव आणि फाटा मुद्दाम देत नाही. श्रीरामपूर-कोपरगावच्या मधल्या पट्ट्यातला, कालव्याच्या कडेचा, एवढं पुरे. बंद पडून बरीच वर्षं झाली. मशिनरी गॅस कटरने कापून ट्रकमधून गेली. आता रस्त्याला लागून लांबलचक कंपाउंडची भिंत, एक गंजलेलं गेट, गेटच्या आत वजनकाट्याची खोली आणि पुढे बाभळीच बाभळी.

माझं आयटीआय झाल्यावर अण्णांनी साहेबांच्या मागे लागून मला तिथे ॲप्रेंटिस म्हणून लावलं. मी चार महिन्यांत सोडलं. त्या आवाजाने माझं डोकं दुखायचं, रात्री झोपेतसुद्धा तो चालू असायचा. पुण्याला पळालो, एका डेकोरवाल्याकडे काम शिकलो. म्हणजे बघा, आवाजाला कंटाळून कारखाना सोडला आणि आयुष्यभर आवाजच विकत बसलो. अण्णांनी मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, "लोकांच्या डिक्कीत ढोल बांधनार व्हय? बांध." त्यानंतर माझ्या कामाबद्दल एक शब्द नाही. दुकान टाकलं त्या दिवशीही आले नाहीत. पुढे एकदा समोरच्या टपरीवर चहा पिताना मला दिसले — दुकानाकडे पाठ करून बसले होते. चहा पिऊन तसेच गेले. कारखाना बंद पडला तेव्हा मला वाटलं आता तरी म्हणतील, बरं झालं तू तिथं न्हाई राहिलास. नाही म्हणाले.

मला राग होता का? होता. पण रागापेक्षा एक हाव होती. त्यांनी एकदा तरी माझं काम बघावं आणि काहीतरी म्हणावं. चांगलं नाही तर नाही. काहीतरी.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये अण्णांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले ऐकू येतं, थोडंफार कळतंही, पण मेंदूत जिथे शब्द असतात तीच जागा दुखावलीय. आई आधीच गेलेली. घरात आम्ही दोघं नवरा-बायको आणि अण्णा. माझी बायको सुनीता त्यांना भरवायची, मी आंघोळ घालायचो. त्यांना हात लावायची मला सवय नव्हती. साबण लावताना ते माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघायचे, आणि मीही नळाकडे.

आठ महिने असेच गेले. मग एप्रिलमध्ये जयंतीची मिरवणूक आमच्या गल्लीतून गेली. डीजेच्या भिंती ट्रॅक्टरवर, खिडक्यांची तावदानं थरथरत होती. सुनीता अण्णांचे कान झाकायला धावली आणि तिथूनच ओरडली, "अहो, इकडं या! अण्णांचा हात बघा!" त्यांची डाव्या हाताची बोटं खाटेच्या दांडीवर ताल धरत होती. मिरवणूक वळली, आवाज गेला, बोटं थांबली.

कोपरगावला मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही त्यांना फिजिओथेरपीला न्यायचो. तिथल्या मॅडमना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, ज्याला प्रतिसाद देतात ते रोज द्या, काय सांगावं. आयुष्यभर मिल हाऊसमध्ये राहिल्यामुळे त्यांच्या कानाचा वरचा आवाज कधीच गेला होता, पण जाड आवाज अंगाला कळतो. मी त्याच आठवड्यात ठरवलं. माझ्या स्वतःच्या जुन्या हॅचबॅकला अजून कंपनीचाच स्टिरिओ होता. लोकांच्या गाड्या दणाणून सोडणाऱ्याची स्वतःची गाडी मुकी. तिला सबवूफर आणि ॲम्प बसवला, अण्णांसाठी.

आणि इथे मी अशी चूक केली की ती दुसऱ्या कुठल्या फिटरने केली असती तर मी त्याला दुकानातून हाकललं असतं. सोमवारी दुपारी गिऱ्हाइकांच्या गाड्या रांगेत होत्या, दुसऱ्या दिवशी मंगळवार. मागच्या सीटच्या बिजागरीचा आयता बोल्ट होता, त्यालाच काळी वायर आवळून टाकली. रंग खरवडला नाही. म्हटलं घरचीच गाडी आहे, बघू नंतर.

मंगळवारी कोपरगावला जाताना गाणी लावली. अण्णांनी बोटं हलवली, थोडी. सुनीता त्या दिवशी घरीच होती. परत निघालो तेव्हा मी दमलो होतो, स्टिरिओ बंद केला. मे महिना, एसी फुल, मागच्या सीटवर अण्णा पट्ट्यात बांधलेले, मान खिडकीकडे कललेली. चारला पाच-दहा मिनिटं कमी असतील. कारखान्याची भिंत सुरू झाली आणि डिक्कीतून आवाज आला.

घूंऽऽ.

मी मनातल्या मनात स्वतःला शिवी दिली. अर्थिंग, दुसरं काय. पण दोन-तीनशे फूट गेल्यावर माझं डोकं चालायला लागलं. ढिल्या अर्थिंगचा आवाज इंजिनाबरोबर चढतो-उतरतो. ॲक्सिलरेटर दाबला की वर जातो. हा जात नव्हता. एका जागी होता, जाड, आणि त्याच्या आत ठराविक अंतराने एक ठोका. घूंऽऽ... ठक्. घूंऽऽ... ठक्. गेटसमोर गाडी बाजूला घेतली आणि बंद केली. आवाज चालू. किल्ली काढून हातात घेतली. ज्यांना यातलं कळतं त्यांना सांगायला नको — किल्ली काढली की ॲम्प मेलेला असतो. आवाज चालूच.

मागून कुणीतरी म्हणालं, "चालू झाला."

मी वळलो. अण्णा सरळ बसले होते. मान ताठ, डोळे गेटवर. नऊ महिन्यांनी त्या तोंडातून शब्द आला होता, आणि तोही स्पष्ट. मी "अण्णा, अण्णा" करत राहिलो, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. दोन-तीन मिनिटांत आवाज बारीक होत गेला आणि थांबला. अण्णांची मान पुन्हा खिडकीला टेकली. तोंडाच्या कडेने लाळ आली. मी ती पुसली आणि तिथेच स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडलो.

घरी येऊन सुनीताला सांगितलं. ती म्हणाली, "उन्हानं डोकं फिरलंय तुमचं." रागाने नाही, काळजीने. शुक्रवारी मात्र ती बरोबर आली.

शुक्रवारी पुन्हा तेच. चारच्या सुमाराला भिंत आली, आवाज आला, गेटसमोर थांबलो. सुनीताने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. मी बॉनेट उघडून बॅटरीजवळचा मेन फ्यूज उपटला आणि खिशात घातला. आता त्या ॲम्पला कुठूनच करंट नव्हता. डिक्की उघडली, वूफरच्या पडद्यावर तळहात ठेवला. पडदा गार आणि स्थिर. हलत नव्हता. पण त्याची लाकडी पेटी थरथरत होती, आणि पेटीखालचा पत्राही. कारखाना दुसरीकडे कुठे चालू असेल म्हणावं तर मे महिन्यात गाळप कुठेच नसतं. मोबाईलवर रेकॉर्ड केलं. त्यात सुनीताचं रडणं आहे, रस्त्यावरचा टेम्पो आहे, आवाज नाही. मोबाईलचा माइक इतका खालचा आवाज पकडत नाही, हे मलाही माहीत आहे. म्हणून तो पुरावा इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही.

त्या दिवशी अण्णा जास्त बोलले. आधी कान देऊन ऐकत राहिले, मग म्हणाले, "दोन नंबर ठोकतीय. पिनियनचा दात गेला. गफूरला हाक मार."

सुनीता म्हणाली, "अण्णा, मला वळखलं का?"

त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "जेवलीस का?" बस. आवाज गेला, अण्णाही गेले, म्हणजे परत आपल्या त्या गप्प जागी. सुनीता घरापर्यंत पदर तोंडात धरून बसली होती. दहा वर्षांच्या संसारात तिला अण्णांनी असं कधी विचारलं नव्हतं.

पिनियन म्हणजे मिल फिरवणारं दातेरी चाक, आणि गफूरभाई म्हणजे अण्णांचे कारखान्यातले जोडीदार, मिल फिटर. आता श्रीरामपुरातच मुलाकडे असतात. रविवारी त्यांच्याकडे गेलो. काही न सांगता सरळ विचारलं, दोन नंबरच्या मिलचं कधी पिनियन खराब झालं होतं का? ते कोंबड्यांना दाणे टाकत होते. हात थांबला.

"तुला कुनी सांगितलं?"

"झालं होतं का, चाचा?"

"शेवटच्या सीझनला दात उडाला व्हता एक. तुझ्या बापानं नुसता आवाज ऐकून सांगितलं, मी उघडून बघितलं. दोघांनी ठरिवलं, सीझन संपेस्तवर वढू, मग बदलू. कुनाला बोललो न्हाई. फुडं सीझनच आला न्हाई." मग माझ्याकडे बघत म्हणाले, "ती मिल माझ्यासमोर कापली, बाबा. चार तुकडं केलं तिचं. तू का इचारतोय?"

मी सगळं सांगितलं. म्हटलं, मंगळवारी चला, तुम्ही स्वतः ऐका. मला वाटलं धावत येतील. त्यांनी उरलेले दाणे एकदमच खाली सांडले आणि हात झटकले.

"मला नको ऐकवू. मी लई मुश्किलीनं इसरलोय."

मंगळवारी मग मी आणि अण्णा दोघंच गेलो. खरं म्हणजे मलाच कुणी नको होतं. फिजिओथेरपी लवकर आटपून पावणेचारलाच गेटसमोर येऊन थांबलो. चार ते बारा ही अण्णांची आवडती पाळी. मी पुढच्या सीटवरून उठून मागे त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. शाळेत पहिल्या बाकावर बसल्यासारखा.

आवाज आला. यावेळी लवकर गेला नाही. किती वेळ होता ते मी घड्याळात बघितलं नाही. अर्धा तास तरी असेल. अण्णांनी पाठ सीटपासून सुटी केली, लुळा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला, आणि विचारलं, "कोन हाय?"

"मी मिलिंद, अण्णा."

"कामावर आला?"

मी एकवीस वर्षांपूर्वी त्या गेटातून पळालेला माणूस. काय सांगणार होतो? "हो," म्हटलं, "आलो."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ ऐकत होते. मग मान थोडी मागे वळवली, डिक्कीकडे. गिऱ्हाइकाच्या गाडीत बसून मी जसा कान लावतो, डोळे अर्धे मिटून, अगदी तसे. मी हे कुणाकडून उचललं ते मला त्या क्षणी कळलं.

"ह्ये वायरिंग कुनी केलंय?"

"मी केलंय अण्णा. सगळं मीच केलंय."

"वायर चांगली वढलीय." डाव्या हाताने सीटची कड चाचपली. "अर्थिंग ढिलं हाय. नीट कर. मग बोलू."

मग बोलू. हे दोन शब्द मी त्या दिवसापासून किती वेळा मनात वाजवले असतील त्याला हिशेब नाही. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "आत्ताच बोला ना अण्णा." त्यांनी हात सोडवून घेतला, कामाच्या वेळी लुडबुड करणाऱ्याला बाजूला सारतात तसा, आणि पुन्हा ऐकायला लागले. आवाज हळूहळू गेला.

घरी आलो ते हवेत. चौदा वर्षांत पहिल्यांदा बापाने माझ्या कामाला हात लावला होता. चूक काढली होती, आणि बरोबर काढली होती. सुनीताला सांगितलं की उद्या सकाळी पहिलं काम हे. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "नका हात लावू. जसं हाय तसं राहू द्या."

"अगं, अण्णांनी स्वतः सांगितलंय."

"त्यांनी सांगितलं असंल. पन जे चाललंय ते कशानं चाललंय, तुमाला कळलंय का? मग कशाला उकरता?"

मी हसलो. म्हटलं, तुला यातलं काय कळतंय. हे वाक्य मला आजही टोचतं.

बुधवारी सकाळी दुकान उघडल्यावर एकाही गिऱ्हाइकाच्या गाडीला हात लावला नाही. मागची सीट काढली. डिक्कीच्या तळाला स्पेअर व्हीलशेजारी कोरा पत्रा शोधला, रंग खरवडला, पॉलिश पेपरने घासून लोखंड आरशासारखं केलं. नवा बोल्ट, दातेरी वॉशर, वायरीच्या टोकाला तांब्याचा नवा थिंबल, म्हणजे बोल्टखाली बसणारी कडी, दाबून बसवला. आवळला. वरून गंज चढू नये म्हणून ग्रीस. इतकं सुंदर अर्थिंग मी आयुष्यात केलं नसेल. मीटर लावून बघितलं, वायर आणि पत्र्यात काही फरकच दाखवेना. फोटोसुद्धा काढला, अण्णांना दाखवायला.

शुक्रवारी चारला गेटसमोर होतो. सुनीता पुढे, मी मागे अण्णांच्या शेजारी, हातात मोबाईल, त्यावर तो फोटो.

काही झालं नाही.

सव्वाचार झाले, साडेचार झाले. गाडीत एवढी शांतता होती की एसीचं पाणी खाली ठिबकताना ऐकू येत होतं. अण्णांची मान खिडकीकडेच. मी फोटो त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. "बघा अण्णा, नीट केलंय. आता बोला." डोळे फोटोवरून घसरून खाली गेले. सुनीता पुढे गेटकडे बघत बसली. तिने बोलायला हवं होतं, शिव्या द्यायला हव्या होत्या, तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी काय काय केलं ते सांगतो, म्हणजे कुणी सुचवायला नको. वायर काढून पुन्हा त्याच सीटच्या बोल्टला लावली. आवाज येईना. आठवलं की खरवडलेला भाग दुसरीकडे उघडा आहे, तर त्यावर रंग मारला. बोल्ट आधी होता तेवढाच ढिला केला — कसा करणार तेवढाच? किती होता हे कुणी मोजून ठेवलंय? जुना थिंबल कचऱ्यातून शोधून काढला. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी गेलो. गाडी चालू असताना घूं आला, पण तो ॲक्सिलरेटरबरोबर वर जाणारा, आपला नेहमीचा, आळशी फिटरचा आवाज. अण्णांनी त्याला बोटसुद्धा हलवलं नाही. शेवटी रंग पुन्हा खरवडून वायर नीट आवळून टाकली. एकदा गेटवरून आत शिरून बाभळीतून मिल हाऊसच्या जागेपर्यंत गेलो. काँक्रीटचे चौथरे, त्यात बोल्टची भोकं, भोकांत पावसाचं पाणी. तिथे कान लावून बसलो. बाप घरी पडलेला, आणि मी पालथा पडून काँक्रीटला कान लावलाय. कुणी बघितलं असतं तर दगड मारला असता.

मी टेक्निकल माणूस आहे, म्हणून सगळ्या शक्यता धरून बघितल्या. कापून नेलेल्या मशिनरीचा आवाज जमिनीत राहतो म्हणावं तर असं काही नसतं. मला भास झाला म्हणावं तर सुनीतालाही तोच झाला? पिनियनचं अण्णांच्या डोक्यात होतंच, ते आठवलं असेल, मान्य. मग फ्यूज माझ्या खिशात असताना पेटी का थरथरली? आणि माझं चुकलेलं अर्थिंग, ते तर मी कुणालाच सांगितलं नव्हतं. खरं सांगू, मला उत्तर नकोच आहे. मला फक्त तो आवाज परत हवाय, अर्धा तास. नाही तर दहाच मिनिटं.

कधी कधी वाटतं की त्यांनी मला ते मुद्दाम बंद करायला लावलं. तीस वर्षं ज्या आवाजाने कान खाल्ले तो आता पुरे, असं असेल. कधी वाटतं, बोलायचंच होतं, आणि चांगलंच काहीतरी बोलायचं होतं. "वायर चांगली वढलीय" म्हणणारा माणूस पुढे वाईट कशाला बोलेल? कधी वाटतं की ते मला ओळखतच नव्हते, मिल हाऊसच्या कुठल्या तरी पोराशी बोलत होते. सुनीता म्हणते, नका इचार करू. पण ती स्वतः रोज त्यांना भरवताना विचारते, "अण्णा, जेवलात का?" आणि दोन क्षण थांबते.

दिवाळी होऊन गेली. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर सुरू झालेत, दुसऱ्या कारखान्यांचे. कोपरगावच्या मॅडमनी दोन महिन्यांपूर्वीच सांगितलं की आता आणून उपयोग नाही, घरीच ठेवा. अण्णांची बोटंही आता हलत नाहीत, सबवूफर कितीही वाजवा. डॉक्टर हिवाळ्याबद्दल काही बोलत नाहीत, आणि मीही विचारत नाही.

तरी मंगळवारी आणि शुक्रवारी मी त्यांना उचलून गाडीत बसवतो आणि चारला गेटसमोर नेतो. तिथे एक गोष्ट मात्र अजून होते. चार वाजले की अण्णा डोळे उघडतात आणि डिक्कीकडे बघायचा प्रयत्न करतात. मान वळत नाही, बुबुळं तेवढी कोपऱ्यात जातात. मग तिथून माझ्याकडे येतात आणि थांबतात. ती नजर मला ओळखीची आहे. काम सांगितलंय आणि ते अजून झालेलं नाही, म्हणून वाट बघणाऱ्या माणसाची ती नजर आहे.

मी म्हणतो, "केलंय अण्णा. नीट केलंय."

ते तसेच बघत राहतात.